मातीच्या कार्डावर विषाचा रकाना का नाही?

काही महिन्यांपूर्वी दर्यापूर तालुक्यातील एक बौद्ध बांधव माझ्याकडे आले. वडिलोपार्जित दोन एकर जमीन, तीही खारपाणपट्ट्यातली. काम बांधाच्या वादाचे होते. पिशवीतून सातबारा, आठ-अ काढता काढता त्यांनी एक मळकट कार्ड माझ्यापुढे ठेवले. ती शासनाची 'मृदा आरोग्य पत्रिका' होती. म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्या घरी दोघाइच्या किडन्या गेल्या. मातीची तपासणी झाली म्हनतात. मंग याच्यात जहर कुठी लिवलं हाय, थे सांगा बरं."

मी ते कार्ड दोनदा वाचले. त्यावर बारा रकाने होते. मातीचा सामू, क्षारांची विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. आर्सेनिकचा रकाना नाही. कॅडमिअमचा नाही, शिशाचा नाही, सेलेनिअमचा नाही, फ्लोराइडचा नाही. पिकाला काय कमी पडते ते या कार्डावर लिहिलेले आहे. त्या मातीतून माणसाच्या पोटात काय जाते, याचा तिथे उल्लेखच नाही. त्या गृहस्थांना मी तेव्हा एवढेच सांगू शकलो की, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि या कागदावर त्याचे उत्तर नाही. हा लेख त्या प्रश्नाच्या निमित्ताने.

खारपाणपट्टा म्हणजे काय?

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. पूर्णा ही तापीची उपनदी. तिच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टरचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके पूर्ण किंवा अंशतः त्यात येतात. वरून पाहिले तर जमीन काळी, खोल, कसदार दिसते. परंतु तिच्यात सोडियमचे प्रमाण वाढलेले असते. सोडियममुळे मातीचे कण फुटतात, पावसाचे पाणी आत मुरत नाही, वर साचून राहते आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. खाली विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे. ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही चालत नाही. तरीही नळाला पाणी आले नाही की गावातील गरीब माणूस हातपंपाचे तेच पाणी पितो. दुसरे आणणार कोठून?

खार जिभेला कळतो, पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने डोळ्यांना दिसतो. म्हणून गेल्या अनेक पिढ्या या भागातील चर्चा खारापाशीच थांबली आहे. परंतु खारासोबत जे चालत येते त्याला चव नाही, रंग नाही, वास नाही.

खार हे वाहन आहे

खारवट आणि चोपण जमिनीत विषारी मूलद्रव्ये कशी वागतात, हे विज्ञानाने पुरेसे स्पष्ट केलेले आहे. कॅडमिअमचे उदाहरण घ्या. स्फुरदयुक्त खते ज्या खनिज दगडापासून तयार होतात, त्यात कॅडमिअम कमी-अधिक प्रमाणात असते. साध्या जमिनीत ते मातीच्या कणांना बऱ्यापैकी चिकटून राहते. पण पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर कॅडमिअम त्याच्याशी जोडी जमवून सुटे होते आणि मुळांवाटे पिकात चढते. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यावर घेतलेल्या बटाट्यात हे संशोधकांना आढळले. कॅडमिअम शरीरात गेले की वर्षानुवर्षे मूत्रपिंडात साठत राहते. युरोपीय संघाने २०२२ पासून स्फुरदयुक्त खतांतील कॅडमिअमवर मर्यादा घातली, ती याच भीतीने.

आर्सेनिकचे असेच. मातीचा सामू वाढला की त्याची मातीवरची पकड सैल होते. सोडियम जास्त आणि कॅल्शिअम कमी असलेल्या भूजलात फ्लोराइड वाढते. बोरॉन तर खारवट जमिनीचा जुना सोबती. आमच्या कार्डावर तो आहे, पण 'कमतरता' शोधण्यासाठी. जास्त झाला तर तोच पिकाला जाळतो. आणि सेलेनिअम? अल्कधर्मी, हवा खेळती असलेल्या जमिनीत ते पाण्यात सहज विरघळणाऱ्या रूपात राहते. पाणी जाईल तिकडे जाते, मूळ ओढेल तसे धान्यात शिरते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने याचा अनुभव घेतला आहे. सॅन वाकिन खोऱ्याच्या पश्चिम भागातील सिंचित जमिनी खारवट होऊ लागल्या, तेव्हा त्यांचे खारे पाणी कालव्याने वाहून केस्टरसन येथील तळ्यांत सोडण्यात आले. १९८३ मध्ये तिथे पाणपक्ष्यांची पिल्ले डोळ्यांविना, चोचीविना, वाकड्या पायांची जन्माला आलेली दिसली. कारण निघाले सेलेनिअम. शेतीचा खार वाहून नेताना कोणी सेलेनिअम मोजलेच नव्हते. जगातील सर्वात श्रीमंत देशाची ही गत, तर आमच्या वऱ्हाडातील वस्तीची काय कथा!

शेगावचे केस आणि रेशनचा गहू

आता घरची गोष्ट. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस गळू लागले. केस मुठीत यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. १८ गावांतील २७९ माणसे बाधित झाल्याची नोंद झाली. प्रारंभी बुरशीजन्य संसर्गाचा संशय घेतला गेला. मग पाणी तपासले, त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने घेऊन गेले. तोवर तरुण मुला-मुलींनी घराबाहेर पडणे बंद केले होते. जमत आलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या आल्या. पुढे एप्रिल २०२५ मध्ये याच तालुक्यातील काही गावांत माणसांची नखे वाकडी होऊन गळू लागली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपले निष्कर्ष मांडले. रेशन दुकानातून मिळालेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनिअम आढळल्याचे त्यांनी सांगितले. तोच गहू धुऊन तपासला तेव्हा प्रमाण १३.६१ आले. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनिअम अनेक पटींनी वाढलेले होते, तर जस्त घटलेले होते. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असून स्थानिक गव्हात सेलेनिअम त्या मानाने अत्यल्प आहे, असे त्यांचे म्हणणे.

या आकड्यांचा अर्थ साध्या हिशेबाने समजून घेऊ. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम सेलेनिअम पुरते आणि ४०० मायक्रोग्रॅम ही वरची सुरक्षित मर्यादा मानली जाते. वरच्या प्रमाणाचा गहू असेल तर केवळ १०० ग्रॅम पिठात, म्हणजे दोन-तीन पोळ्यांत, १४५२ मायक्रोग्रॅम सेलेनिअम पोटात जाते. मर्यादेच्या साडेतीन पट! मजुरी करणारा माणूस दोन-तीन पोळ्यांवर थांबत नाही. आणि गहू धुतल्याने प्रमाण फारसे उतरत नसेल तर त्याचा अर्थ उघड आहे. ही वरची धूळ नव्हे. हे दाण्याच्या आतले आहे, मुळांवाटे मातीतून चढलेले आहे.

मी वकील आहे, म्हणून शब्द जपून वापरतो. डॉ. बावस्करांचा निष्कर्ष हा पुरावा आहे, अंतिम निकाल नाही. परंतु पुरावा दुर्लक्षून चालत नाही. पंजाबातील नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांच्या काही भागांत शिवालिकच्या टेकड्यांवरून येणाऱ्या पुराच्या पाण्याने सेलेनिअमयुक्त माती आणून टाकलेली आहे. तिथल्या जनावरांचे खूर आणि केस गळाल्याची नोंद तिथल्या कृषी शास्त्रज्ञांनी काही दशकांपूर्वीच केली आहे. म्हणजे अशी माती देशात आहे हे ठाऊक होते. त्या मातीतले धान्य कोणाच्या ताटात जाते, हे मोजण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही.

कोणी विचारील, विष पंजाबच्या मातीतले निघाले तर खारपाणपट्ट्याच्या मातीचा येथे काय संबंध? संबंध असा की, शेगावच्या गावांत केस गळू लागले तेव्हा बुरशी, पाणी, धान्य असे चाचपडत दोन महिने गेले. कारण या गावांच्या मातीत, विहिरीत आणि ताटात नेहमी काय असते, याची नोंदच गावाजवळ नव्हती. नेहमीचे माहीत नसेल तर बिघडलेले ओळखणार कसे? दर्यापूरच्या त्या घरातील दोन किडन्यांचेही हेच. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. खार, नायट्रेट, जड धातू, कीटकनाशके, उन्हातले काबाडकष्ट अशी अनेक कारणे पुढे केली जातात. परंतु न मोजलेल्या विषावर ना डॉक्टर उपचार करू शकत, ना वकील दावा लावू शकत. २०१० मध्ये याच डॉ. बावस्करांनी महाराष्ट्रातील पाण्यातले जड धातू आणि मूत्रपिंड निकामी होणे यांचा संबंध दाखवणारा लेख वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. त्यानंतर पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या बारा रकान्यांत एकही जड धातू विष म्हणून आला नाही.

नमुना कोणाच्या शेताचा?

आता या कार्डाची दुसरी बाजू पाहू. योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत जिरायती भागात १० हेक्टरच्या चौकटीमागे मातीचा एक नमुना आणि बागायती भागात अडीच हेक्टरमागे एक नमुना घेण्याची पद्धत होती. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. ज्याची जमीनच दोन एकर, त्याच्या कार्डावरचे आकडे त्याच्याच शेतातले असतील याची खात्री काय? नमुना बहुधा वाटेवरच्या, ओळखीच्या, मोठ्या शेतातून उचलला जातो आणि त्याच आकड्यांचे कार्ड टोकाच्या नाल्याकाठच्या तुकड्यालाही मिळते. त्या टोकाला कोणाची जमीन असते, हे या वृत्तपत्राच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्या लढ्याच्या बळावर आमच्या माणसांनी गायरान कसले. गायरान म्हणजे गावाने नांगराखाली न घेतलेली जमीन. तीत माळरान होते, खडकाळ होती, चोपणही होती. तीही अनेकांच्या नावावर आजतागायत झालेली नाही. सातबारा नाही म्हणून अनुदान नाही, पीकविमा नाही, मातीची तपासणीही नाही. आणि ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही तो भूमिहीन शेतमजूर? त्याचे तर कार्डच निघत नाही. पण त्याच मातीत तो निंदण-खुरपण करतो, त्याच मातीखालचे पाणी वस्तीच्या हातपंपावर पितो आणि रेशनवर परक्या मातीतला गहू खातो. वऱ्हाडचा माणूस पूर्वी ज्वारीची भाकर खात असे. ज्वारीचा पेरा घटला, मजुराच्या घरात धान्याच्या रूपाने येणारी मजुरी बंद झाली आणि तो रेशनच्या पोत्यावर आला. बाजारातून निवडून घेणाऱ्याला दुकान बदलता येते. अंत्योदय कार्डधारकाला पोते बदलता येत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ शेतीशास्त्राचा नाही. तो सामाजिक न्यायाचा आहे.

महाडचा निकाल काय शिकवतो

डॉ. बावस्कर ज्या गावात वैद्यकीय व्यवसाय करतात ते गाव महाड आहे, हा केवळ योगायोग असेल. परंतु आंबेडकरी माणसाला महाडचे नाव ऐकून पाणी आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि तळ्यावर अस्पृश्यांना मनाई असल्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सांगितले. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. तो कशावर? अशी अनादी रूढी असल्याचे वादी सिद्ध करू शकले नाहीत यावर. जो दुसऱ्याचा हक्क नाकारतो त्याने पुरावा द्यावा, हे त्या निकालाचे मर्म आमच्या कार्यकर्त्यांनी विसरता कामा नये.

पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोर नागरिक मंचाच्या खटल्यात हेच सूत्र पर्यावरणाला लावले. धोका गंभीर असेल तर पूर्ण शास्त्रीय खात्री नाही या सबबीवर उपाय पुढे ढकलता येणार नाहीत आणि आपली कृती निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ती कृती करणाऱ्यावर राहील. त्याआधी १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. अनुच्छेद ४७ तर लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्यच सांगतो.

मग कायदा कोठे कमी पडतो? कायदा हात शोधतो. कारखान्याने विष सोडले तर १९७४ चा जल कायदा आहे, १९८६ चा पर्यावरण कायदा आहे. रसायनांनी दूषित झालेल्या स्थळांसाठी केंद्राने २०२५ मध्ये नवे नियम आणले. अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातले पाणी घाण करणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. पण जिथे कोणाचा हात दिसत नाही, निसर्गाचा खार, खताचे पोते, लांबून आलेले धान्य आणि शासनाची बेपर्वाई मिळून विष तयार होते, तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला माणूस सापडत नाही. म्हणूनच मोजणीचा आग्रह महत्त्वाचा. मोजलेला आकडा हाती आला की बेपर्वाई करणारा कोण, हेही ठरवता येते.

मागायचे काय आणि करायचे काय?

तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला. हे असल्यावर ते होते, हे नसल्यावर ते होत नाही. केस गळाले म्हणून नशिबाला दोष देत बसणे हा आपला मार्ग नव्हे. कारण शोधायचे आणि ते दूर करायचे.

त्यासाठी पहिली मागणी अशी की, खारपाणपट्ट्यातील प्रत्येक गावात माती, पाणी आणि धान्य या तिन्हींत आर्सेनिक, कॅडमिअम, शिसे, सेलेनिअम, फ्लोराइड आणि बोरॉन यांची तपासणी व्हावी आणि मृदा आरोग्य पत्रिकेत त्यांचे रकाने यावेत. नमुने घेताना वस्तीतील विहिरी, हातपंप आणि गायरान जमिनी यांचा वेगळा समावेश असावा. दुसरी मागणी, रेशनचे धान्य दुकानात पोहोचण्याआधी गोदामातच त्याच्या प्रत्येक खेपेची तपासणी व्हावी आणि ती खेप कोणत्या भागातून आली हे दुकानाच्या फलकावर लिहावे. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा किलो मोजून देतो. त्या किलोत काय आहे तेही सांगितले पाहिजे. तिसरी मागणी, आजवर घेतलेल्या नमुन्यांचे आणि पथकांचे जे जे अहवाल तयार झाले ते मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

चौथी मागणी जिप्समची. चोपण जमीन सुधारण्यासाठी जिप्सम हा सिद्ध झालेला उपाय आहे. त्यातील कॅल्शिअम सोडियमला हटवते. पंजाबच्या शास्त्रज्ञांनी त्याच जिप्समचा आणखी एक गुण दाखवला. त्यातील सल्फेटमुळे मुळे सेलेनिअम कमी ओढतात आणि गव्हातले प्रमाण घटते. एकच खडी दोन्ही मातींच्या कामाची. मात्र खत कारखान्यातून निघणारे जिप्सम असेल तर त्यात जड धातू किती, हे आधी तपासून घेतले पाहिजे. नाहीतर एक विष काढताना दुसरे घालू. आणि हे जिप्सम सातबारा नसलेल्या गायरान कसणाऱ्यालाही मिळाले पाहिजे.

हे शासन आपोआप करील या भ्रमात कोणी राहू नये. आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी, विशेषतः विज्ञान आणि कायदा शिकणाऱ्यांनी, आपापल्या गावापासून सुरुवात करावी. माहिती अधिकाराखाली गावाच्या पाण्याचे तपासणी अहवाल मागवा. जगण्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद २००५ च्या कायद्यात आहे, तिचा आधार घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे आर्सेनिक ०.०१, सेलेनिअम ०.०१, शिसे ०.०१ आणि कॅडमिअम ०.००३ मिलिग्रॅम या मर्यादा आहेत. त्या अहवालासमोर ठेवून पाहा. ज्या घटकाची तपासणीच झालेली नाही त्याच्यापुढे 'तपासले नाही' असे लेखी घ्या. तो कागद जपून ठेवा. ग्रामसभेचा ठराव करा, धान्याची तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि राज्य अन्न आयोगाकडे न्या. एवढे करूनही दाद मिळाली नाही तर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आणि हरित न्यायाधिकरणाचे पुणे खंडपीठ यांचे दरवाजे उघडे आहेत. तिथे उभे राहताना भाषणाची कात्रणे उपयोगी पडत नाहीत. असे लेखी कागदच उपयोगी पडतात.

दर्यापूरच्या त्या बांधवाचा बांधाचा दावा चालू आहे. त्यासोबत आम्ही आणखी एक अर्ज दिला आहे. त्यांच्या दोन एकरांतील माती आणि घराजवळच्या हातपंपाचे पाणी विषारी मूलद्रव्यांसाठी तपासून अहवाल लेखी द्यावा, एवढीच त्यात विनंती आहे. असे अर्ज पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या प्रत्येक वस्तीतून गेले पाहिजेत. १९२७ साली आम्ही पाणी पिण्याचा हक्क मागितला. आज त्या पाण्यात काय आहे, हे जाणण्याचा हक्क मागतो आहोत.

जय भीम!